आमच्या गाडीची भावकी

हे बाहेर कुणाला सांगायचं नाही असं मला बजावलेलं आहे, पण आमची गाडी सुतक पाळते.

गाडी अमेरिकन आहे, चोपन्न सालची, चार दारांची, पिस्ता रंगाची. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण आधीच नको ते सांगून बसले आहे. त्या साली त्याच कारखान्यातून निघालेल्या सगळ्या पिस्ता गाड्या ही तिची भावकी. त्यांतली एखादी जगात कुठेही भंगारात गेली की आमची गाडी दहा दिवस चालू होत नाही. दहाव्या दिवशी तिला कृष्णेच्या पाण्यानं धुवायचं, बॉनेटवर गोमूत्र शिंपडायचं, की अकराव्या दिवशी सकाळी ती पहिल्या किल्लीला चालू होते.

पाचगणीच्या एका पारशी शेठजींकडून आजोबांनी ती घेतली. शेठजींना वाटायचं, कार्ब्युरेटर खराब आहे. आजोबांनी दोन-तीनदा दिवस मोजले आणि काय ते ओळखलं. आमचीही भावकी मोठी, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही.

तेव्हा तिची भावंडं लाखांनी होती. एक सुतक फिटतंय तोवर दुसरं यायचं. मध्ये एखादा मोकळा दिवस मिळाला की आजोबा वाई ते महाबळेश्वर टॅक्सी मारायचे. गल्लीतली माणसं लग्नाची तारीख काढण्याआधी आमच्या शेडमध्ये डोकावून जायची. आईची वरात भिलारहून याच गाडीतून निघाली आणि पसरणी घाटाच्या तोंडाशीच सुतक येऊन इंजिन बंद पडलं. पण सुतकात गाडी चालू होत नसली तरी उतरायला तिची हरकत नसते. आजोबांनी न्यूट्रल टाकलं आणि अख्खा घाट इंजिनाच्या आवाजाशिवाय उतरले. आई म्हणते, "वारा नि माझ्या बांगड्या, एवढंच ऐकू येत होतं. सासरी इतक्या शांतपणे कुणी आलं नसेल."

माझ्या आठवणीत मात्र सुतकं कमी कमी होत गेली. पुढे वर्षभर एकही आलं नाही. रोज चालू होणारी गाडी बघून काका खूश, आजोबा मात्र शेडमध्ये बसून राहायचे.

"आता काय झालं दादा? गाडी पळतीय की," काका आजोबांना म्हणाला.

"पळतीय म्हणूनच," आजोबा म्हणाले. "घरात माणसं असली की सुतकं येत्यात. सुतक येईना म्हंजी मागं कोण उरलंच न्हाई."

"भावकी अमेरिकेत आणि सुतक वाईत. तुम्हीच पाळा." काकाला ती विकून स्ट्रॉबेरी नेण्यासाठी टेम्पो घ्यायचा होता.

काकानंच नाईकनवरे साहेबांना बोलावलं. ते पुण्याचे, जुन्या गाड्या जमवणारे. गंमत म्हणजे ते तशाच गाडीतून आले. तेच साल, तोच पिस्ता रंग. त्यांनी ती आमच्या गाडीसमोर लावली, तेव्हा दोघींच्या दिव्यांत एकमेकींचे दिवे दिसत होते.

साहेबांनी बॉनेट उघडलं नाही, टायरही पाहिले नाहीत. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "मागचं सुतक कधी?"

"झालं की वर्ष," काका म्हणाला.

"आमच्याकडेही तेवढंच." साहेबांनी मान डोलावली. "संस्थानिकांच्या गाड्या मोजक्याच निघाल्या, पण त्या सगळ्यांनी जपल्या. ही लाखांनी निघाली, म्हणून कुणीच जपली नाही. मोडली तर दुसरी मिळेल असं जो तो म्हणत राहिला. आता आपल्या दोन आणि अमेरिकेत ओहायोत एका शेतकऱ्याकडे एक. म्हणून हिला मोल आलं."

काकानं व्यवहार ठरवून टाकला. आजोबांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. चहा झाला. साहेब निघाले, त्यांनी किल्ली फिरवली. गाडी चालू झाली नाही. आजोबा उठले आणि त्यांनी आमची किल्ली फिरवली. तीही नाही.

साहेबांनी खिशातून फोन काढला, अंगणाच्या कडेला जाऊन इंग्रजीत बोलले आणि टोपी काढून परत आले. "ओहायोची गेली. नातवानं आत्ताच भंगारात दिली."

"वाईट झालं," आजोबा म्हणाले. मग काकाकडे वळले. "सुतकात देणंघेणं न्हाई."

साहेबही आपल्याकडचेच, त्यांनी ते लगेच मान्य केलं. ते गणपती घाटाजवळच्या लॉजवर राहिले आणि रोज सकाळी आमच्याकडे येऊन बसू लागले. दोन्ही गाड्या समोरासमोर, आजोबा आणि साहेब दोन खुर्च्यांवर. आई त्यांना बिनफोडणीची आमटी वाढायची. साहेब त्यांच्या वडिलांबद्दल बोलायचे. ते दर रविवारी सगळ्या मुलांना मागच्या सीटवर कोंबून खडकवासल्याला न्यायचे. "तेव्हा आमच्या आळीत अशा चार होत्या," साहेब म्हणाले. "आम्ही नंबर बघून आपली ओळखायचो."

दहाव्या दिवशी आम्ही गाड्या धुवायला घेतल्या. आमच्या नळाला कृष्णेचंच पाणी, मी बादल्या भरून देत होते आणि साहेब पाइप धरून उभे होते. तेव्हा साहेबांनी त्यांचा बेत सांगितला. दोन्ही गाड्या त्यांच्या झाल्या की एक मोडायची आणि तिचे भाग दुसरीला वापरायचे.

"कुठली मोडायची?" काकानं विचारलं.

"दोन्हींकडे बघून ठरवू. पण जी उरेल, ती जगात एकटी. तिचं मोलच करता यायचं नाही. आणि दहा दिवस गेले की तिला पुन्हा कधी सुतक नाही. कायम चालू."

आजोबा बॉनेटवर फडकं फिरवत होते. हात थांबला नाही, पण ते एकाच जागी फिरवत राहिले.

मी मोठ्यांच्यात बोलत नाही. शाळेतही हात वर करत नाही. पण तोंडातून निघून गेलं, "मग ती गेल्यावर तिचं सुतक कोण धरणार?"

"ए, तू पाणी आण," काका म्हणाला.

साहेबांच्या हातातला पाण्याचा पाइप तसाच वाहत राहिला. पाणी त्यांच्या बुटांत गेलं तरी ते हलले नाहीत. मग म्हणाले, "काय म्हणालीस बाळ?"

मी नुसतीच बादली उचलली. आजोबांनी म्हटलं, "ती इचारतीया, शेवटचीचं कोण धरणार."

साहेबांनी नळ बंद केला. मग गोमूत्राची बाटली मागितली आणि आधी आमच्या गाडीवर शिंपडलं, मग त्यांच्या.

अकराव्या दिवशी दोन्ही गाड्या पहिल्या किल्लीला चालू झाल्या. काका कागद घेऊन उभा होता. साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "टेम्पोचं बघू आपण, माझ्या ओळखीत आहे एक. पण हिला राहू दे."

"अहो पण साहेब, आता तर दोनच उरल्या! आता खरी किंमत!"

"म्हणूनच कुणाला सांगायचं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचं, लाखांनी निघालेली गाडी, गल्लोगल्ली मिळते."

"आणि येत-जात ऱ्हावा," आजोबा म्हणाले. "भावकीत येणं-जाणं तुटलं की मग नुसती सुतकंच कळत्यात."

तेव्हापासून साहेब महिन्यातून एका रविवारी येतात. दोन्ही गाड्या पुढे-मागे पसरणी घाट चढतात आणि येताना दोन्ही न्यूट्रलमध्ये उतरतात. उतरताना साहेब डोळे मिटून मागच्या सीटवर बसतात, मुलं बसतात तसे, आणि त्यांची गाडी काका चालवतो. काका आता टेम्पोही चालवतो, पण शेडपाशी हॉर्न हलकाच वाजवतो. परवा मी आजोबांना विचारलं, या दोघींतली आधी कोण जाईल. ते म्हणाले, ते आपल्या हातात नाही, पण मागे राहील तिच्याजवळ दहा दिवस कुणीतरी बसलं पाहिजे, आणि तेव्हा ते स्वतः नसतील. मी म्हटलं, मी बसेन. हे मी आजोबांशिवाय कुणाला सांगितलेलं नाही, इथेच पहिल्यांदा लिहितेय, आणि मला असंही लिहायचं होतं की शेवटची गेल्यावर तिच्यासाठी आपल्या घरात देवाला दिवा न लावता दहा दिवस आपणच, पण आई खालून हाक मारतेय, "अगं केतकी, पुण्याची पाहुणी आली बघ साहेबांना घेऊन," आणि किल्ली तर अजून खुंटीलाच आहे, तरी आमची गाडी शेडमध्ये आपली आपणच चालू होऊन