आलोइसच्या बारा फेऱ्या

सिस्टर देल्माने हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तीस मीटरवर दोन नारिंगी शंकू ठेवले, गळ्यात स्टॉपवॉच अडकवलं आणि आलोइसला म्हणाली, "काका, या शंकूपासून त्या शंकूपर्यंत एक फेरी. वळायचं, परत यायचं. सहा मिनिटं. थांबायचं मात्र नाही."

"एवढंच ना?" आलोइस म्हणाला. जिभेवरच्या गाठीमुळे तो तोंडात गरम रताळं धरल्यासारखा बोले.

एवढंच नव्हतं हो! ब्रिस्बेनचे मोठे सर्जन वर्षातून एकदाच येत. तोंडाच्या कॅन्सरची दहा तासांची शस्त्रक्रिया कोणाच्या अंगाला झेपते, याचं त्यांचं संशोधन चाललं होतं आणि नियम कडक होता. सहा मिनिटांत बारा फेऱ्या झाल्या तर गुरुवारी टेबलावर, नाहीतर घरी. घरी गेला तर दिवाळीपर्यंतसुद्धा जगत नाही, असं आपल्याकडे म्हटलं असतं. तिथे न्यू गिनीत नाताळपर्यंत नाही, असं म्हणाले. टेबलावर गेला तर जीभ जाणार होती. पण माणूस राहणार होता. संधी तीन, आणि तिन्ही आजच.

आता तिकडे आजारी माणूस हॉस्पिटलात एकटा येतो का कधी? आलोइसबरोबर बोटी भरून चाळीस जण आले होते आणि सगळे व्हरांड्यातच बसले होते. आलोइस निघाला. चार पावलांवर मामा उठून उभा राहिला, हात पुढे केला. पुढे मावशीने गळ्यात पडून गळा काढला. मग मावशीच्या सुना. सहा मिनिटं संपली तेव्हा फेऱ्या झाल्या होत्या तीन.

"काका, थांबायचं नाही म्हटलं होतं ना!"

"अगं, मामा उभा राहिला. मामाला ओलांडून जाऊ? उद्या मेलो तर खांदा कोण देईल?"

"आणि मावशी?"

"ती रडत होती. रडणाऱ्या माणसाला मध्येच टाकून जायचं?"

"अहो, त्या तुमच्यासाठीच रडत होत्या!"

"म्हणूनच तर," आलोइस म्हणाला.

देल्माने कपाळावर हात मारला. दुपारी तिने सगळा गोतावळा अंगणातल्या झाडाखाली हाकलला. फक्त पलीकडच्या शंकूजवळ, बाकावर एक म्हातारी डोक्यावरून फडकं घेऊन बसली होती. तिचे गुडघे सुजलेले, म्हणून देल्माने तिला राहू दिलं.

आलोइस झकास निघाला. आणि अर्ध्या वाटेवरून मान खाली घालून परत फिरला. पुन्हा निघाला, पुन्हा तिथूनच परत.

"शंकूला वळसा घाला!" देल्मा ओरडली.

तो बिचारा सहा मिनिटं न थांबता चालला. पण शंकूला न शिवलेली फेरी धरायची नाही, असं कागदावर छापलेलं होतं. देल्माने जड हाताने शून्य लिहिलं.

"त्या बाई कोण?" तिने आलोइसच्या बायकोला, बेर्ताला विचारलं.

"माझी आई."

"मग?"

"मग काय? जावई सासूसमोरून जात नाही, सिस्टर. दोघं एकमेकांचं नाव घेत नाहीत. तीस वर्षांत बघितलेलंसुद्धा नाही. तुम्ही डोंगराकडच्या, तुमच्यात नसेल तसं. याला चावता येईना तेव्हापासून आई रोज तारोचे कंद उकडून, कुस्करून देते. पण ताट माझ्या हातात, हां."

"आधी सांगायचं नाही का, बाई!"

"तुम्ही कुठे विचारलंत?"

चार वाजता म्हातारीला चाकाच्या खुर्चीतून बाहेर, भिंतीपलीकडे खिडकीखाली नेऊन बसवलं. व्हरांडा मोकळा झाला. पण आलोइस सकाळपासून चालून चालून अर्धा झाला होता. नऊ फेऱ्या ओढल्या आणि त्याने भिंतीला हात टेकला. दीड मिनिट उरलं होतं. देल्माला कागदावरच्या छापील वाक्यांपलीकडे बोलायची परवानगी नव्हती.

"छान चाललंय, असेच चालत राहा," ती म्हणाली, आणि तिने डोळे पुसले. आलोइसने मान हलवली. पाय उचलतच नव्हते. झाडाखाली बेर्ताने तोंडावर पदर घेतल्यासारखं फडकं दाबलं.

"आलोइस!"

हाक खिडकीबाहेरून आली. घोगरी, म्हाताऱ्या गळ्यातली.

"आलोइस, चाल! तुला काय माझ्याआधी जायचंय? चाल म्हणते ना!"

झाडाखालचे चाळीस जण ताडकन उठले. मामाच्या हातातली सुपारी खाली पडली. आलोइसला तर झटकाच बसला. त्याने भिंत सोडली आणि पळू नये म्हणून पावलं आवरत सुटला. दहा. अकरा. घड्याळ वाजायच्या आत बाराव्या फेरीचा शंकू त्याने पायाने उडवला.

"झाल्या! बारा झाल्या!" देल्मा नाचायचीच बाकी राहिली. झाडाखाली मात्र कोणी आनंदाने ओरडेना.

मामा खाकरला. "झालं ते चांगलंच झालं. पण सासूने जावयाचं नाव घेतलं. दंड म्हणून डुक्कर द्यावं लागेल."

"देते," म्हातारी फडक्याआडून म्हणाली. "माझं काळं घ्या."

आलोइस धापा टाकत खिडकीशी आला. तिच्याकडे पाठ करून, भिंतीला टेकून उभा राहिला.

"दोन होऊ द्या, मामा," तो म्हणाला. "दुसरं माझं."

आणि त्याने सासूचं नाव घेतलं. "कुन्सा."

तीस वर्षांत पहिल्यांदा. गाठ आडवी आली आणि नाव नीट उमटेना. गुरुवारला दोनच दिवस होते. म्हणून त्याने ते पुन्हा घेतलं. मग आणखी एकदा, सावकाश. बेर्ता रडत होती, मामा डुक्कर विसरला होता, आणि प्रत्येक वेळी खिडकीबाहेरून म्हातारी ओ देत होती.