पाठमोरा सपोर्टर

चहा मी त्या क्षणी ओतून घेतला नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

जुलै महिना, म्हणजे सिडनीत हिवाळा; शनिवारची दुपार, स्कोफिल्ड्सजवळचं मैदान आणि कान कापून नेणारा वारा. करोनामुळे चार महिने बंद असलेली मुलांची रग्बी नुकतीच सुरू झाली होती, आणि नियम होता : एका खेळाडूमागे एकच पालक. आमची चिन्मयी पंधरा वर्षांची. अंडर-सिक्स्टीन मुलींमध्ये विंगर. (विंगर म्हणजे कडेने पळणारी. एवढं मला येतं. पुढचं विचारू नका.) तिच्या मॅचला नेहमी तिची आई जाते. पण मंजिरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये सायंटिस्ट, आणि त्या दिवसांत अर्ध्या सिडनीच्या नाकातले नमुने तिच्याच टेबलावर येऊन पडत होते. तिला शिफ्ट लागली, म्हणून मी गेलो.

एका हातात थर्मास आणि दुसऱ्या हातात फोन. फोनवर, व्हिडिओ कॉलमध्ये, पुण्याहून माझे सासरे पद्माकरराव. सासूबाई गेल्यापासून ते एकटेच. एप्रिलमध्ये आमच्याकडे यायचं त्यांचं तिकीट होतं, ते विमानांबरोबरच रद्द झालं. तेव्हापासून ते कोथरूडच्या फ्लॅटमध्ये भाजी सॅनिटाइझ करत बसले होते. नातीची मॅच हा त्यांचा आठवड्यातला एकमेव कार्यक्रम.

तर मला थंडी वाजली. मी मागे वळलो, थर्मास बाकावर ठेवला, चहा ओतला. तेवढ्यात मैदानात आरडाओरडा झाला. चिन्मयीच्या टीमने ट्राय केला होता. (चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपलीकडे जायचं आणि तो जमिनीला टेकवायचा, की झाला ट्राय. पाच पॉइंट.) मी पुढे बघायला लागलो, आणि समोरच्यांनी दोन ट्राय केले. मी वैतागून पुन्हा चहा ओतायला वळलो. आमचा ट्राय! बिस्कीट काढायला वळलो. पुन्हा आमचा!

"श्रीनाथराव," फोनमधून गंभीर आवाज आला, "तुमच्या काही लक्षात येतंय का?"

"काय, बाबा?"

"तुम्ही पाठ केलीत की आपण जिंकतो."

इथे थोडा इतिहास सांगायला हवा. आमचा साखरपुडा झाल्यावर मी पेढ्यांचा बॉक्स घेऊन पहिल्यांदा सासरी गेलो, तेव्हा टीव्हीवर भारताची बॅटिंग चालू होती. मी उंबरठा ओलांडला, एक विकेट पडली. चप्पल काढली, दुसरी पडली. पद्माकररावांनी अत्यंत आदराने मला बाल्कनीत कढीपत्त्याच्या कुंडीशेजारी बसवलं आणि दार लावून घेतलं. भारत जिंकला. त्यांनी मला मिठी मारली. आजतागायत ती एकच. पांढऱ्या पायाचा जावई हा शिक्का तेव्हापासून माझ्यावर आहे, आणि तो घेऊनच मी या देशाचा पर्मनंट रेसिडेंट झालो.

मी म्हटलं, बाबा, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, एवढंच. पण पद्माकरराव निवृत्त ऑडिटर. त्यांना पुरावा हवा. पुढच्या मॅचला मंजिरी गेली, फोन स्थिर धरून तिने बाबांना सगळी मॅच दाखवली, आणि टीम हरली. त्याच्या पुढच्या मॅचला ती आत आणि मी पार्किंगमध्ये, गाडीत, मैदानाकडे पाठ करून. पुन्हा हरली.

"म्हणजे नुसती पाठ चालत नाही," रात्रीच्या कॉलवर निकाल लागला. "श्रीनाथराव मैदानाच्या आत पाहिजेत, आणि पाठ करून पाहिजेत."

"दॅट मेक्स सेन्स," चिन्मयी म्हणाली. ही मुलगी शाळेत ॲडव्हान्स्ड मॅथ्स घेते!

हे लोण मग घरात पसरलं. आमच्या राज्याच्या, न्यू साउथ वेल्सच्या, मोठ्या टीमची मॅच टीव्हीवर असली की मायलेकी आकाशी जर्सी घालून सोफ्यावर, टॅबवर पद्माकरराव, आणि मी लाँड्रीत, म्हणजे घरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत. अंडर-नाइन्टीनची असली, तरी लाँड्रीत. मी स्टेटच्या प्रत्येक टीमचा इतका निष्ठावान सपोर्टर आहे, की मला एकही खेळाडू चेहऱ्याने ओळखता येत नाही. कपडे मात्र त्या हिवाळ्यात आमच्याकडे फार स्वच्छ होते.

आणि मग ऑगस्टच्या शेवटी ईमेल आला. चिन्मयीची न्यू साउथ वेल्सच्या अंडर-सिक्स्टीन टीममध्ये निवड झाली होती. बाकीच्या राज्यांच्या सीमा बंद, म्हणून एकच मॅच, कॅनबेराच्या टीमशी. एका खेळाडूमागे एकच पालक. पालकाचं नाव गुरुवारपर्यंत कळवा.

मी नाव कळवून टाकलं. मंजिरीचं. पहाटे पाचला उठून पोरीला प्रॅक्टिसला नेणार ती, गुडघ्याला बर्फ लावणार ती, आणि स्टेटसाठी पोरीला खेळताना बघणार मी? एवढा काही मी निर्लज्ज नाही. खरं सांगायचं तर मलाही बघायची होती. पोरीला ट्राय करताना मी जन्मात एकदाही पाहिलेलं नव्हतं. पण हक्क मंजिरीचा होता.

"नाव बदल," मंजिरी म्हणाली. "तू जा."

"अगं, पण मी जाऊन करू काय?"

"पाठ."

"तू सायंटिस्ट आहेस ना?"

"आहे. पण रिस्क कशाला घ्यायची?"

मी चिन्मयीकडे वळलो. म्हटलं, बाळा, तूच सांग, तुला कोण हवंय?

"बाबा, प्लीज कम," ती गळ्यात पडून म्हणाली. मला भरून आलं. मग ती म्हणाली, "जस्ट डोन्ट वॉच, ओके?"

सप्टेंबरातल्या त्या रविवारी दुपारी मी क्यूआर कोड स्कॅन करून, मनगटाला पट्टी बांधून, स्टेटच्या मैदानात शिरलो. माझ्या आईने पाठवलेली माकडटोपी, त्यावर मास्क. पालकांसाठी कुंपणाच्या कडेने गवतावर दीड-दीड मीटरवर पिवळ्या फुल्या मारल्या होत्या. माझी तेवीस नंबरची, अगदी कोपऱ्यात, शेवटच्या रेषेजवळ. अख्ख्या मैदानात यापेक्षा चांगली जागा नव्हती. मी फोन कुंपणाच्या जाळीला जादा मास्कच्या इलॅस्टिकने बांधला. एका चौकोनात पुणे, दुसऱ्यात पार्किंगमध्ये गाडीत बसलेली मंजिरी. दोघांना नमस्कार केला आणि मैदानाकडे पाठ करून उभा राहिलो.

समोर संडासाची भिंत होती. तिच्यावर हात कसे धुवावेत याचं सचित्र पोस्टर होतं. एकूण आठ पायऱ्या.

मॅच सुरू झाली. तळव्यावर तळवा. मागे मुली एकमेकींवर आदळल्याचे आवाज. उजवा तळवा डाव्या हाताच्या पाठीवर. दहा मिनिटं झाली, आणि पुण्याचा आवाज आला, "हॅलो? हॅलो? अडकलंय! चित्र अडक..." आणि पुणे गेलं. तेवढ्यात जल्लोष झाला. आमचा ट्राय! पद्माकरराव परत आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. "माझं नेट गेलं हो नेमकं! पण शाबास, श्रीनाथराव! असेच राहा!"

"यू राइट, मेट?"

बाजूला, जरा मागे, पिवळं जॅकेट घातलेली एक धिप्पाड बाई उभी होती. छातीवर 'कोविड मार्शल' आणि खाली 'शेरिल'.

"ऑल गुड," मी भिंतीला सांगितलं.

"मॅच त्या बाजूला आहे."

"आय नो."

"मग इकडे काय बघतोयस?"

आता बाईशी पाठमोरं कसं बोलणार? मी वळलो, आणि कॅनबेराने ट्राय केला. किक मारून वरचे दोन पॉइंटही घेतले. जाळीवरून पद्माकररावांचा आक्रोश ऐकू आला, "श्रीनाथराव, तोंड! तोंड फिरवा!" मी तोंड फिरवलं.

शेरिलचा चेहरा बदलला. "तुझी मुलगी आहे आत?"

"हो. चौदा नंबर."

"ती जिवाच्या आकांताने खेळतेय, आणि एक ट्राय खाल्ला म्हणून तू तिच्याकडे पाठ फिरवतोस?" तिचा आवाज चढला. "तुझ्यासारखे बाप मी वीस वर्षं बघतेय, मेट. पोरं खेळ सोडतात ते तुमच्यामुळे."

फुलीवरचे इतर पालक माझ्याकडे बघायला लागले. बावीस नंबरची आई तर मान हलवत होती. लाजेने माझे कान माकडटोपीच्या आत तापले. मी समजावायला वळलो, "नो नो, आय लव्ह हर, इट्स द..." आणि कॅनबेराने दुसरा ट्राय केला. हात दाखवून अवलक्षण! पाच–बारा.

मग मी सरळ भिंतीकडे तोंड करून शेरिलला सगळं सांगितलं. पेढे, विकेट, बाल्कनी, चहा, लाँड्री. ती ऐकत राहिली. मला वाटलं, आता ही सिक्युरिटीला बोलावणार.

"माझा नवरा," ती सावकाश म्हणाली, "फायनल्समध्ये मोजे धूत नाही. अकरा वर्षं झाली." ती एक पाऊल मागे सरकली. "तू भिंतीकडेच बघ, मेट. मी बघते तुला कोण त्रास देतं ते."

सेकंड हाफमध्ये पद्माकररावांची इन्शुलिनची वेळ झाली, ते पाच मिनिटं उठून गेले, आणि तेवढ्यात आमचा एक ट्राय झाला. दहा–बारा. मग शेवटची दोन मिनिटं उरली. आणि बावीस नंबरची आई किंचाळली, "गो, चिन्मयी! गो!"

माझी पोरगी पळत होती. माझ्याच कोपऱ्याकडे. तिच्या बुटांचे आवाज मला ऐकू येत होते. सव्वातीन किलोची होती तेव्हापासून मी तिला ओळखतो, तिचा श्वास मला कळतो. मला बघायचं होतं. मॅच गेली खड्ड्यात, मला माझ्या मुलीला पळताना बघायचं होतं. मी मान वळवायला लागलो.

"डोन्ट यू डेअर!" शेरिल दीड मीटरवरून गरजली.

बोटांच्या मधल्या जागा. मग अंगठे. कोणीतरी धाडकन कुंपणावर आदळलं, जाळी हादरली, काहीतरी तटकन तुटलं, आणि फुल्यांवरचे सगळे पालक एकदम ओरडले. मी डोळे घट्ट मिटून घेतले. पाणी आलं होतं डोळ्यांत, ते सरळ मास्कमध्ये गेलं.

पंधरा–बारा. चिन्मयीचा ट्राय. चिखलाने माखलेली पोरगी जाळीपाशी आली आणि ओरडली, "बाबा! डिड यू नॉट सी इट?"

"अजिबात नाही!" मी अभिमानाने सांगितलं.

"यू आर द बेस्ट!"

फोन खाली गवतात पालथा पडला होता. इलॅस्टिक तुटलं होतं. उचलला, तर दोन्ही चौकोनांत हाहाकार. पद्माकररावांना ऐन ट्रायच्या वेळी फक्त गवत दिसलं होतं. मंजिरीलाही गवत. म्हणजे आमच्या खानदानातल्या पहिल्यावहिल्या स्टेट ट्रायच्या वेळी मैदानावर घरचा एकच माणूस हजर होता, आणि तो संडासाची भिंत वाचत होता.

चिन्मयी टीमबरोबर पिझ्झा खायला गेली. आम्ही दोघं गाडीने परत निघालो. फ्रीवेवर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी गाडी बाजूलाच घेतली.

"मंजिरी, ऐक. पहिल्या मॅचला मी चहाला वळलो, तेव्हा फोन माझ्या हातात होता. म्हणजे फोनही वळला! बाबांना मैदान दिसतच नव्हतं. तू फोन धरलास, तेव्हा बाबांनी दोन्ही मॅच पूर्ण पाहिल्या. दोन्ही हरलो. आज त्यांचं नेट गेलं, ट्राय. इन्शुलिनला उठले, ट्राय. फोन पडला, ट्राय!" मला धाप लागली. "पांढऱ्या पायाचा मी नाहीच! तुझे बाबा आहेत! आणि मी पहिल्यांदा तुमच्याकडे आलो, त्या दिवशी विकेट पडल्या, तेव्हाही टीव्हीसमोर कोण बसलं होतं?"

मंजिरी काचेतून बाहेर बघत होती.

"मला तिसऱ्या मॅचपासून माहीत आहे," ती म्हणाली.

"काय?"

"अर्थात तीन-चार मॅचचा डेटा म्हणजे काही डेटा नव्हे. पण पॅटर्न दिसत होता."

"मग बोलली का नाहीस? मी लाँड्रीत बसलो! भिंती वाचल्या!"

"श्रीनाथ, आई गेल्यानंतर बाबा पहिल्यांदा कुणावर तरी ओरडले, ते या मॅचपायी, तुझ्यावर. पाच महिने ते एका फ्लॅटमध्ये बंद आहेत. त्यांना सांगू, की तुम्ही नातीची मॅच बघू नका?" तिने नाक पुसलं. "मी माझा पास सोडला. तू नजर सोड. नाहीतरी तुला रग्बी कुठे कळते?"

मी इंडिकेटर दिला आणि गाडी फ्रीवेवर घेतली.

संध्याकाळी टीमच्या पेजवर फोटो आला. चिन्मयी हवेत आडवी, चेंडू रेषेपलीकडे टेकतोय, चेहऱ्यावर सगळ्या जगाचा आनंद. आणि तिच्या बरोबर मागे, जाळीपलीकडे, माकडटोपी घातलेली एक पाठ. मंजिरीने तो लगेच फॅमिली ग्रुपवर टाकला. तीन मिनिटांनी पुण्याहून उत्तर आलं :

"नात अप्रतिम. श्रीनाथराव, तुमचीही पाठ चांगली आली आहे. पुढच्या मॅचला जरा ताठ उभे राहा."