टोकाजीशेठचे नाचणारे खण

मुलांनो, आधी एक सांगा. समजा, तुमचं पोट दुखतंय आणि समोर दोन दुकानं आहेत. एका दुकानात सगळं जिथल्या तिथे आहे, अगदी धूळसुद्धा. दुसऱ्या दुकानात सगळं तुमच्याकडे बघून डोलतंय, गिरक्या घेतंय. तुम्ही विश्वास कोणावर ठेवाल?

घाई नको. पोट खरोखर दुखतंय असं समजून विचार करा. न दुखणारं पोट नेहमी दुसरं दुकान निवडतं.

तर, एका जंगलात टोकाजीशेठ नावाचा एक साळिंदर राहत होता. एका जुन्या बेहड्याच्या मुळांखाली त्याचं औषधी मुळ्यांचं, पाल्याचं आणि बियांचं दुकान होतं. भिंतीत लाकडी खण होते. सहा ओळी, प्रत्येक ओळीत सहा. एकूण छत्तीस. खणांवर नावं नव्हती. लिहून काय करायचं? जंगलात वाचणारं कोण होतं?

पण अडत काहीच नव्हतं. गिऱ्हाईक दारातूनच ओरडायचं, "शेठ, तिसऱ्या ओळीतला दुसरा!" शेठ वेखंड काढायचा. "चौथ्यातला पाचवा!" शेठ ज्येष्ठमध काढायचा. अस्वलाला तर आयुष्यभर कळलं नाही की आपण खातो त्याला ओवा म्हणतात. ते "खालचा कोपऱ्यातला" म्हणायचं आणि बरं व्हायचं.

टोकाजीच्या बापाने जाताना त्याला जवळ बोलावून सांगितलं होतं, "पोरा, दुकान वाढव, ओळखी वाढव, अंगही वाढव. खण तेवढे जागचे हलवू नकोस. आणि पुडी देण्याआधी विचारत जा, कोणाला काय झालंय?"

टोकाजीने सगळ्या गोष्टी पाळल्या. अंगाची जरा जास्तच पाळली.

मग जंगलात मोबाईल आला. कसा आला ते मला विचारू नका. तुमच्या घरात कसा आला ते तरी तुम्हाला कुठे नीट आठवतंय?

टोकाजी धोरणी होता. त्याने सुताबाई कोळिणीला गाठलं. "बाई, माझं दुकान मोबाईलमध्ये बसवून द्याल?"

"जाळी विणायची ना? त्यात काय," सुताबाई म्हणाली. एका दुपारात तिने सहा गुणिले सहा अशी चोख जाळी विणून दिली. दुकानातला खण जिथे, मोबाईलमधलाही तिथेच. चित्रात सगळी औषधं सारखीच तपकिरी दिसत होती, पण चित्र बघतंय कोण? गिऱ्हाईक आपल्या सवयीच्या जागेवर पंजा टेकवायचं. टोकाजी पुडी बांधायचा. वानर ती पोचवायचं. झालं.

वर्षभर हे असं सुरळीत चाललं. आणि सुरळीत चाललेल्या गोष्टीची एक अडचण असते. तिच्याकडे कोणी बघत नाही.

आता खरी गोष्ट ऐका. बेहड्याखालची जागा टोकाजीची नव्हती, वाघमहाराजांची होती. दर बारा वर्षांनी भर सभेत महाराज सांगायचे, ही जागा पुढे कोणाकडे राहणार. यंदा बारावं वर्ष होतं. सभा पंधरा दिवसांवर आली होती. आणि ओढ्यापलीकडे मुळ्यांचं दुकान चालवणाऱ्या घोरपडबाईने बेहड्यावर केव्हापासूनच डोळा ठेवला होता. जागा गेली तर टोकाजीने छत्तीस खण पाठीवर घेऊन हिंडायचं कुठे? त्याच्या पाठीवर आधीच काय कमी होतं?

या काळजीत तो बसलेला असताना दारात एक पक्षी उतरला. नाचण जातीचा. नाव गिरकीराव. शेपटीचा पंखा उघडझाप करत, दोन उड्या डावीकडे, दोन उजवीकडे असं त्याचं उभं राहणं होतं.

"शेठ, तुमचं मोबाईलचं दुकान उघडून पाहिलं," तो म्हणाला. "कोणी वारलंय का हो?"

"नाही बुवा. का?"

"इतकं गप्प बसलंय म्हणून विचारलं. उघडलं की छत्तीस खण एकदम समोर! ना आले, ना गेले. नुसते बसलेत. गिऱ्हाइकाला वाट पाहायची काही हौसमौज असते की नाही?"

टोकाजी विचारात पडला. त्याला आजवर भेटलेलं प्रत्येक गिऱ्हाईक घाईत होतं. पण हा पक्षी परगावचा होता, त्यामुळे त्याला जास्त कळत असणार.

"घोरपडबाईंचं पाहिलंत?" गिरकीराव हळूच म्हणाला. "त्यांचे खण उड्या मारतात."

एवढं पुरलं. टोकाजीचे काटे उभे राहिले. साळिंदराचे काटे उभे राहिले की त्याची अक्कल खाली बसते.

"आपले नाचवा," तो म्हणाला.

सुताबाई छतावरून हे ऐकत होती. ती म्हणाली, "शेठ, माझा जन्म जाळीत गेला. जाळी हलली की मी समजते, कोणीतरी अडकलं."

"बाई जुन्या वळणाच्या आहेत," गिरकीराव हसून म्हणाला.

आठ दिवसांत खण नाचू लागले. पहिला खण पिकल्या पानासारखा हेलकावे खात वरून उतरायचा. तो टेकला की दुसरा निघायचा. मग तिसरा. छत्तिसावा टेकेपर्यंत माकडाची दोन केळी सालीसकट खाऊन व्हायची. पंजा लावला की खण फुगायचा, डुलायचा, आणि "खरंच मी हवा ना?" असं विचारल्यासारखा थरथरायचा. सगळ्यात मोठी करामत शेवटी. ज्या खणाचा खप जास्त, तो आपणहून वर सरकायचा आणि बाकीचे आदबीने बाजूला होऊन त्याला वाट द्यायचे.

सारं जंगल बघायला लोटलं. माकडांनी टाळ्या वाजवल्या. हरणांनी पुन्हा पुन्हा उघडून पाहिलं.

"बघा शेठ!" गिरकीराव म्हणाला. "काल चाळीस जणांनी दुकान उघडलं होतं. आज चारशे!"

"वा! आणि पुड्या किती गेल्या?"

"शेठ," गिरकीराव दुखावल्या आवाजात म्हणाला, "तुम्ही फार मागचे प्रश्न विचारता हो. पूर्वी गिऱ्हाईक यायचं आणि चटकन जायचं. आता ते थांबतं."

"थांबतं की अडकतं?" छतावरून आवाज आला. कोणी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्याच दिवशी चिचुंदरीकाकू धापा टाकत आली. काकू डोळ्यांनी अधू. नाकाने जागा चाचपून दाबायची तिची पद्धत.

"शेठ, पोराला खोकला म्हणून तिसऱ्यातला दुसरा दाबला. नेहमीचाच. ही काय कडू जहर काडी पाठवलीत? पोरगं तेव्हापासून जीभ आत घेत नाहीये!"

टोकाजीने पुडी उघडली. काडेचिराईत! तिसऱ्या ओळीतला दुसरा खण वेखंडाचा, तो कोणाला तरी वाट देताना बाजूला गेला होता, आणि त्याच्या जागी हा येऊन बसला होता. टोकाजी ओशाळला. तो माफी मागणार, तोच गिरकीराव मध्ये पडला.

"काकू, खण टेकायच्या आत दाबलंत तुम्ही. पूर्ण नाच होऊ द्यायचा असतो."

"पोरगं खोकतंय आणि मी नाच बघू?"

"नीट दाबायला शिका," गिरकीराव म्हणाला.

टोकाजीने काकूला वेखंड दिलं, उगाळून कसं द्यायचं तेही सांगितलं. त्याला वाईट वाटलं. पण सभा सहा दिवसांवर होती, आणि चिचुंदरीच्या तक्रारीने कोणाची जागा जात नसते. हे त्याला ठाऊक होतं, आणि ठाऊक आहे याचंही त्याला थोडं वाईट वाटलं.

सभेचा दिवस उजाडला. बारा वर्षांनी भाषण करायचं म्हणून वाघमहाराजांनी आदल्या दिवसापासून डरकाळ्यांचा सराव केला होता, आणि त्यात घसा पार बसला होता. त्यांनी मोबाईल घेतला. महाराजांना नाच बघायला सवड नव्हती. चौथ्या ओळीतला पाचवा खण, ज्येष्ठमधाचा. तीन पिढ्यांची सवय. त्यांनी पंजा टेकवला.

ते आंब्याफणसाचे दिवस होते. जंगलाने फणस खाऊन पोटं जड करून घेतली होती, त्यामुळे सगळ्यात जास्त खप होता सोनामुखीचा. आणि सोनामुखी म्हणजे काय, हे तुमच्या घरच्या मोठ्यांना विचारा. पोट साफ करण्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही. तर ती सोनामुखी तळच्या ओळीतून निघून, डौलात, सगळ्यांकडून वाट घेत वर चालली होती. नेमकी त्या क्षणी ती चौथ्या ओळीत पाचवी होती.

दुकानात टोकाजीसमोर मागणी आली: महाराज, सोनामुखी, एक मोठी मूठ. त्याचा हात थबकला.

"गिरकीराव, मी विचारून घेतो, कोणाला काय झालंय."

"छे, छे! मध्येच प्रश्न विचारलात की नाच मोडतो."

टोकाजीने पुडी बांधली. वानर घेऊन गेलं. महाराजांनी घाईत मूठभर चघळली.

सभा भरली. महाराज उभे राहिले. "प्रजाजनहो," म्हणाले, आणि थांबले. चेहरा गंभीर झाला. मग करवंदीच्या जाळीमागे गेले. सभेला वाटलं, फार खोल विचार करतायत. परत आले. "प्रजाजनहो, आपली प्रगती..." पुन्हा जाळीमागे. असं पाच वेळा झालं. पाचव्या वेळी महाराज धावत गेले.

काय झालंय ते टोकाजीला पहिल्याच फेरीला कळलं होतं. घोरपडबाई समोरून त्याच्याकडे बघून गोड हसत होती. बेहड्याखालची तिची मांडणीसुद्धा मनात लावून झाली असावी.

महाराज परत आले. "पुडी कोणी दिली?"

टोकाजी पुढे झाला. लपवण्यात अर्थ नव्हता. "मी, महाराज. चूक झाली. आपण घशासाठी ज्येष्ठमध मागितलं. पण खण सरकला, आणि गेली सोनामुखी."

"सरकला? आपणहून?"

"हो महाराज."

महाराजांनी पोटावरून पंजा फिरवला. "आठ दिवसांपूर्वी आम्ही एक म्हातारा गवा खाल्ला होता. तो काही केल्या पचत नव्हता. कोणाला सांगितलंही नव्हतं. आज इतकं हलकं वाटतंय! म्हणजे त्या खणाला कळलं, की दुखणं घशात नव्हे, पोटात आहे?"

टोकाजी "नाही" म्हणायला तोंड उघडणार, तोच गिरकीराव पंखा उघडून पुढे उतरला. "महाराजांनी अचूक ओळखलं. आम्ही त्याला तसंच शिकवलंय."

"वा!" महाराज म्हणाले. "बेहड्याखालची जागा पुढची बारा वर्षं टोकाजीकडेच. आणि आजपासून जंगलातल्या सगळ्या दुकानांचे मोबाईलमधले खण सरकते हवेत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिली टाळी घोरपडबाईची होती.

एवढ्यात मागून बारीक आवाज आला. "मग माझ्या पोराच्या खोकल्याला काडेचिराईत हवं, हे त्या खणाला कशावरून कळलं हो?"

"कोण बोललं?" महाराजांनी विचारलं. गवतातली चिचुंदरी कोणाला दिसली नाही. प्रधान कोल्हा तेवढा त्या दिशेला तोंड करून म्हणाला, "नीट दाबायला शिका."

टोकाजी घरी आला. जागा राहिली होती. तरी त्या रात्री त्याचे काटे काही नीट आडवे झाले नाहीत.

सकाळी दार उघडलं तर बाहेर ही रांग! अस्वल, दोन भेकरं, पोराला पाठीशी घेतलेली चिचुंदरीकाकू. सगळे चालत आले होते. मोबाईलमधले खण महाराजांच्या हुकमाने नाचत होते, पण भिंतीतले होते तिथेच होते. रांगेत उभे राहून सगळे मोबाईलमधला नाच कौतुकाने बघत होते, आणि नंबर आला की मोबाईल बंद करून भिंतीकडे बोट दाखवत होते.

"तिसऱ्यातला दुसरा, शेठ."

"कोणाला काय झालंय, काकू?"

"तोच खोकला. पण जीभ आत गेली बरं का!"

रांगेत सगळ्यात शेवटी गिरकीराव होता. रात्रभर लोकांनी त्याची भाषणं ऐकली होती, आणि त्याचा घसा बसला होता.

"चौथ्यातला पाचवा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"अहो, मोबाईलवर मागवायचं होतं की!"

"छे हो शेठ," गिरकीराव म्हणाला. "मला घाई आहे."

तात्पर्य: चूक करायचीच असेल, तर ती थेट राजाच्या पोटात जाईल अशी करावी. लहानाच्या पोटात गेलेली चूक चूकच राहते. मोठ्याच्या पोटात गेली की तिला सुधारणा म्हणतात.

आणि मुलांनो, जाता जाता एक विनंती. आजपासून एका कागदावर दोन रकाने आखा. मोबाईल उघडला आणि काम झालं, की पहिल्यात एक रेघ. उघडला आणि नुसता नाच बघून मिटला, की दुसऱ्यात एक रेघ. आठ दिवसांनी बेरीज करा. दुसरा रकाना लांबला तर लाजू नका, त्याला दुसरा कागद जोडा. फक्त तिथली एकही रेघ पहिल्या रकान्यात सरकू देऊ नका.