रायरीकर एकटे जातात

श्यामसुंदर रायरीकरांनी सोसायटीच्या फळ्यावर सूचना लावली आणि तिथेच सगळं बिघडलं. गप्प निघून गेले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण माणूस हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला. कागद लावल्याशिवाय त्यांना चैन कसं पडणार?

"श्री. रायरीकर (फ्लॅट ७) हे दि. २३ पासून अलिबाग ते वेंगुर्ला हा प्रवास समुद्रकिनाऱ्याने, सायकलवरून, एकट्याने करणार आहेत. मुक्काम : मुरूड, श्रीवर्धन, हर्णै, गुहागर, गणपतीपुळे, देवगड, मालवण, वेंगुर्ला. 'या वयात कशाला?' हा प्रश्न विचारून झालेला आहे. शुभेच्छा देण्यासाठी बेल वाजवू नये."

'एकट्याने' या शब्दाखाली त्यांनी लाल शाईने दोन रेघा मारल्या होत्या, आणि त्या खरं तर कुसुमताईंसाठी होत्या. महिन्यापूर्वी बेत ऐकून कुसुमताई पोळ्या लाटता लाटता हसल्या होत्या. "तुम्ही? एकटे? अहो, साखरेचा डबा नाकासमोर असला तरी 'कुसुम, साखर कुठाय?' म्हणून ओरडता!" ते हसणं रायरीकरांच्या डोक्यात गेलं. त्या दिवसापासून रोज पहाटे विश्रांतवाडी ते खडकवासला आणि परत, असा सराव सुरू झाला. कुणाच्या घरी उतरायचं नाही, कुणाची मदत घ्यायची नाही, वेंगुर्ल्याच्या बंदरावर एकट्यानं उभं राहायचं आणि तिथून कुसुमला फोन लावायचा, हे त्यांनी ठरवूनच टाकलं.

सूचना लागली त्याच दिवशी अनंतराव दारात हजर. अनंतराव म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी बेल वाजवली नाही. कडी वाजवली.

"मुरूडला जाताच आहात तर हा आमच्या आक्काचा चष्मा. इथे विसरून गेली. चष्म्याला काय वजन असतं?"

चष्म्याचं निमित्त झालं. चार दिवसांनी रायरीकर सराव करून आले तर कोचावर बसायला जागा नव्हती. गुडघ्याचे पट्टे, लग्नपत्रिका, कुकरची रिंग आणि या सगळ्यांच्या मधोमध एक लोखंडी पुरणयंत्र.

"हे काय आहे?"

"वरच्या राधाताईंच्या वहिनीचं. श्रीवर्धनला. होळीला लागेल म्हणाल्या."

"कुसुम, मी सायकलवर जातोय! टेम्पो घेऊन नाही!"

"माझ्यावर कशाला ओरडता? मुक्कामांची यादी मी लावली होती का फळ्यावर?"

रायरीकर तणतणत खाली गेले आणि दुसरा कागद लावून आले : "फ्लॅट ७ येथे पार्सल स्वीकारले जात नाही." संध्याकाळपर्यंत त्याखाली कुणीतरी पेनानं लिहिलं, "मग कुठे स्वीकारले जाते?" आणि रात्री दाराला कुकरची आणखी एक रिंग लटकत होती.

मग मात्र त्यांचं टाळकं सटकलं. बावीस तारखेला पहाटे, म्हणजे एक दिवस आधीच, त्यांनी सगळं सामान दोन खेपांत अनंतरावांच्या दारात नेऊन रचलं, वर चष्मा ठेवला आणि सायकल अलिबागच्या गाडीवर टाकून चालते झाले. कुसुमताई झोपेतच होत्या.

मुरूडला पोचेपर्यंत राग निवळला होता. डाव्या हाताला सुरूची झाडं, उजव्या हाताला समुद्र, आणि 'जाताच आहात तर' म्हणणारं कुणी नाही. 'वा! याला म्हणतात एकटं!' असं ते मोठ्यानं म्हणाले. तेवढ्यात रस्त्यात एक म्हातारी आडवी आली.

"हिरवं हेल्मेट. पुण्याचे रायरीकर ना?"

"हो. आपण?"

"मी अनंताची आक्का. उद्या येणार होतात ना? असो, चष्मा द्या."

"तो... तो पुण्यालाच राहिला."

"राहिला? मग तुम्ही कशाला आलात?"

आक्कांनी भर रस्त्यात अर्धा तास सुनावलं. आठ दिवस पेपर वाचला नाही, काल चहात मीठ घातलं, आणि हे बुवा हात हलवत आलेत! भोवती बघे जमले. लॉजवाल्यानंसुद्धा चावी देताना विचारलं, "म्हातारीचा चष्मा विसरलात म्हणे?"

दुसऱ्या दिवशी श्रीवर्धनच्या वेशीवरच राधाताईंच्या वहिनी कमरेवर हात ठेवून उभ्या. "पुरणयंत्र नाही? अहो, होळी आठवड्यावर आली. पुरण काय तुमच्या सायकलच्या चेनमधून काढू?" रायरीकर चिडले, त्याहून वहिनी चिडल्या. सगळा किनारा आपल्यावर डाफरायला रांग लावून उभा आहे की काय, असं त्यांना वाटायला लागलं. मी म्हणतो, चूक काय होती या माणसाची? एक कागद लावला, एवढीच ना!

तिसऱ्या दिवशी हर्णैच्या अलीकडचा चढ. ऊन मी म्हणत होतं. रायरीकर सायकल ढकलत होते आणि मागून एक स्कूटर पीं पीं करत होती.

"दिसत नाही का? एवढा रस्ता पडलाय, जा की बाजूनं!" ते मागे न बघताच खेकसले.

स्कूटर बाजूनं गेली. पुढे पिशव्या, मागे पिशव्या, हेल्मेट, गॉगल, तोंडाला पुण्याच्या बायका बांधतात तसा स्कार्फ. 'लोक काय काय लादून हिंडतात!' असं पुटपुटत रायरीकर पुढे निघाले.

हर्णैला शिव्या खायची तयारी ठेवूनच ते शिरले. पण गुडघ्याच्या पट्ट्यांचे मालक, एक आजोबा, पट्टे बांधूनच गेटपाशी उभे होते.

"मिळाले हो! दुपारीच कुसुमवहिनी देऊन गेल्या. एकट्या बाईमाणूस, स्कूटरवरून सगळा किनारा! काल मुरूडला चष्मा, आज सकाळी श्रीवर्धनला पुरणयंत्र, आता गुहागरला गेल्या. कमाल आहे बुवा! तुम्ही त्यांचे कोण?"

रायरीकरांनी तिथल्या तिथे फोन लावला. "कुसुम! हा काय प्रकार आहे?"

"ओरडू नका. पहाटे पाचला अनंतराव बेल वाजवून भांडून गेले. मग मुरूडहून आक्कांचा फोन. म्हटलं, पुरे झालं, आपणच टाकून येऊ."

"चढावर तूच होतीस? मग थांबली का नाहीस?"

"तुम्ही एकटे होता ना! कशाला मधे पडा?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पुढे तर कहरच झाला. कुसुमताईंना गुहागरला जेवण, गणपतीपुळ्याला ओटी, देवगडला मुक्कामाचा आग्रह. मिळालेलं सामान स्कूटरवर मावेना. मग प्रत्येक गावात तेच वाक्य. "वहिनी म्हणाल्या, मागून सायकलवाले येतायत. येताच आहेत तर त्यांच्याकडे द्या." गुहागरला आमसुलं, देवगडला विळी, मालवणला भाजीचा कच्चा फणस. रायरीकर 'नाही म्हणजे नाही' म्हणत तोंड धुवून येईपर्यंत सामान कॅरिअरला बांधलेलंही असे. मालवण ते वेंगुर्ला हा माणूस दातओठ खात फणस वाहत होता.

वेंगुर्ल्याच्या बंदरावर कुसुमताई कठड्यावर बसून सोलकढी पीत होत्या. नाक उन्हानं लाल झालं होतं.

"आलात? फणस आणलात ना?"

रायरीकर सायकल आपटून ओरडणार होते. महिनाभराचं सगळं ओठावर आलं होतं. पण कुसुमताई समुद्राकडे बघत म्हणाल्या, "अहो, लग्नाला छत्तीस वर्षं झाली. मी आजवर एकटी कुठेच गेले नव्हते. किती छान वाटतं हो! तुम्हाला कसं वाटलं?"

रायरीकरांनी उरलेली सोलकढी मागितली.

आठवड्यानं फळ्यावर अनंतरावांचा कागद लागला : "सौ. कुसुम रायरीकर यांनी एकटीने कोकण किनारा पार केल्याबद्दल रविवारी सत्कार. वेळ ५ म्हणजे ५. (त्यांचे सामान मागून सायकलने आणणारे श्री. रायरीकर हेही येतील.)" 'एकटीने' या शब्दाखाली लाल शाईने दोन रेघा होत्या.

रायरीकरांनी खिशातलं पेन काढलं, कागदाकडे पाच मिनिटं रागानं बघितलं, पेन खिशात ठेवलं आणि तरातरा घरी आले. आज काहीतरी एकट्यानं करून दाखवायचंच! त्यांनी गॅस पेटवला, आधण ठेवलं, आलं किसलं. मग बराच वेळ फळीसमोर उभे राहिले.

"कुसुम! साखर कुठाय?"

बाहेरच्या खोलीत कुसुमताई गुजरातच्या किनाऱ्याचा नकाशा उघडून बसल्या होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

"एकट्यानं शोधा!"