काळी चकती आणि काकांची मिशी

बेकरीवाल्या काकांनी त्याला बोलावलं ते एकाच प्रश्नासाठी. आमच्या मुलीशी लग्न करायचं म्हणता, पण तुम्ही दिवसभर करता तरी काय?

आपला शास्त्रज्ञ जय्यत तयारीने आला होता. रुमालात गुंडाळलेली टंगस्टनची चकती त्याने टेबलावर ठेवली आणि काउंटरमागे उभ्या मुलीला डोळ्यांनीच खुणावलं, आता बघच.

"काका, हिच्या अंगावर केसाहून कितीतरी बारीक धातूचे काटे आहेत. प्रकाश त्यात शिरला की अडकला. म्हणून ही एवढी काळी. आणि कितीही तापवा, हिला ढिम्म काही होत नाही."

भट्टीपुढे जन्म काढलेल्या माणसाला 'कितीही' म्हणू नये. काकांनी चकती ट्रेवर टाकली आणि ट्रे भट्टीत सारला. पावांची खेप भाजून निघाली, तिच्यासोबत चकतीही. पाव छान तांबूस झाले होते. चकती होती तशीच.

"ही तापलीच नाही," काका म्हणाले.

"तापलीय काका. दिसत नाही एवढंच."

"तापलेली वस्तू मला ओळखू येत नाही होय?"

आता काकांच्या मिशीविषयी सांगायला हवं. गल्लीच्या वळणावर आधी ती यायची, मग काका. तर काका चकतीवर वाकले. पण उजेडच परत येत नाही म्हटल्यावर तिचा पृष्ठभाग कुठे आहे हे कळायचं कसं? नुसतं भोक दिसत होतं. काका आणखी वाकले. अजून थोडे. चर्र झालं, आणि बेकरीत जो वास सुटला तो पावाचा नव्हता.

मुलगी पाणी घेऊन धावली. शास्त्रज्ञही धावला, पण चकतीकडे. चिमट्याने उचलून ती उजेडात फिरवली आणि आनंदाने ओरडला, "काही झालं नाही! जराही नाही!"

काका अर्ध्या मिशीनिशी त्याच्याकडे बघत राहिले.

"अरे, बाबांना विचार आधी," मुलगी दात ओठ खात म्हणाली.

"हो, हो. काका, तुम्हाला...?"

काकांनी आरशात पाहिलं, उरलेली मिशीही उतरवली आणि पोरगा थापा मारत नाही हे मान्य केलं. "माझी हरकत नाही. पण लग्नाच्या फोटोत मी असा उभा राहणार नाही. मिशी पहिल्यासारखी होऊ दे, मग बघू."

तेव्हापासून आपला शास्त्रज्ञ रोज पाव आणायला जातो. घरी पाव कुणी खात नाही. तो काउंटरवर ओणवा होऊन काकांचा वरचा ओठ निरखतो, आणि मुलगी हळूच म्हणते, "फार जवळ जाऊ नकोस. अजून तापलेलेच आहेत."