सर्व्होरक्षण उपसमितीची कामगिरी

आकाशात वस्तू सोडणे सोपे असते. ती परत बोलावायला यंत्रणा लागते. आमच्या करवीर बिनइंजिन विमान मंडळाकडे १९८३ पर्यंत अशी यंत्रणा नव्हती. पन्हाळ्याच्या अलीकडच्या उतारावरून सभासद आपापले ग्लायडर हाताने फेकत आणि ते गेले त्या दिशेला नमस्कार करून घरी येत. सहा वर्षांत अकरा विमाने उसात गेली. (दोन सापडली. पैकी एक शेळीने तपासले होते.)

चित्रकलेचे शिक्षक यज्ञेश्वर दीक्षित यांनी दोन वर्षे खपून सात फुटी पंखांचे बारावे विमान बांधले. ते एकदा तरी हवेत वळून आपल्या पायाशी उतरावे, एवढीच त्यांची इच्छा होती. त्याच सुमारास अध्यक्ष गणपतरावांच्या मेव्हण्याने जर्मनीहून रेडिओसंच आणि दोन सर्व्हो आणले. सर्व्हो म्हणजे काडेपेटीएवढी मोटर. ती पंखात बसते आणि जमिनीवरून हुकूम येताच पंखाच्या कडेची पट्टी वर-खाली करते. विमान वळते.

उद्यमनगरातल्या बसाप्पा मिस्त्रीने दोन्ही पंखांत खोबणी कोरून, सायकलच्या तारेच्या काड्या जोडून सर्व्हो असे बसवले, की सभासद अर्धा तास नुसते पट्ट्या हलताना पाहत होते.

"आन् पडलं तर?" गणपतरावांनी विचारले.

"पडू नये म्हणूनच बसवलाय की वो," बसाप्पा म्हणाला.

"ते झालं. पर पडलं तर सर्व्हो जाणार. जर्मनीचा माल हाय. मेव्हण्याला काय तोंड दावू?"

"सर्व्हो नसला तर विमान जाईल," दीक्षित सर म्हणाले.

"विमान तुम्ही परत कराल की, सर. हात हाय तुमच्याकडं!"

हा मुद्दा बिनतोड ठरून सर्व्होरक्षण उपसमिती नेमण्यात आली. तिने तीन बैठकांत ठरवले: सर्व्हो पंखातच बसवलेले असावेत, मात्र उड्डाणापूर्वी काढावेत व विमान परत आल्यावर पुन्हा बसवावेत. तारा सुटू नयेत म्हणून हुकूम झेलणारा रिसीव्हर आणि बॅटरीही जोडलेली तशीच सोबत काढावी. तोल बिघडू नये यासाठी रिकाम्या जागी तेवढ्याच वजनाचे चिंचोके भरावेत. (मंडळ शास्त्र सोडून वागत नाही.) ठराव नऊ विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला. दोन मते कोणाची, हे गुप्त मतदान असल्याने सर्वांना ठाऊक होते.

रविवारी सकाळी विमान सुटले. असे चढले, की बसाप्पाने टोपी काढली. दीक्षित सरांच्या हातात रेडिओ होता. (तो जमिनीवरच राहणार असल्याने समितीची हरकत नव्हती.) विमान उसाच्या वर पोचले तशी सरांनी रेडिओवरची दांडी डावीकडे ओढली.

गणपतरावांच्या मांडीवरच्या मखमली डब्यात दोन्ही सर्व्हो कुर्र करून वळले.

"चालू हाय माल!" गणपतराव हर्षाने ओरडले.

विमान ठिपका झाले, ठिपकाही गेला. सरांनी दांडी सोडली नाही. शेवटी बसाप्पाने त्यांची बोटे एकेक करून उकलली. "चला सर," तो म्हणाला, "च्या घेऊ."

उपसमितीच्या अहवालात 'नुकसान: निरंक' अशी नोंद असून, सर्व्हो आजही नव्यासारखे आहेत.

हा वृत्तान्त आपण चहा घेता घेता वाचत असाल. कानतुटक्या कपातून. शोकेसमधला लग्नातला संच सुखरूप आहे, याबद्दल मंडळातर्फे आपले अभिनंदन.