घाटविहार मंडळाचं सातवं वळण

जिथं आपलं काहीही काम नाही अशा ठिकाणी पोचण्यासाठी माणूस जितका खटाटोप करील तितका तो सुधारलेला समजावा. काम असलेला माणूस बैलगाडीनं जातो, नाहीतर पायी जातो, आणि तेही जमलं नाही तर घरी बसतो. बिनकामाचा माणूस मात्र पहाटे उठून पेट्रोल भरतो, पाण्याचे डबे बांधतो, डोळ्यांवर धुळीचा चष्मा चढवतो आणि सूर्य मावळेपर्यंत निघाला होता तिथंच परत येतो. या दृष्टीनं पाहता १९३४ सालच्या उन्हाळ्यात अमरावती शहर बरंच पुढं गेलं होतं.

त्या वर्षी मोरोपंत वकिलांनी एक छोटी मोटार घेतली. ती इतकी छोटी होती की कोर्टाच्या आवारात पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा एका पक्षकारानं तिच्या आईची चौकशी केली. तीत चार माणसं बसतात, असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. कोणत्या मापाची, हे त्यानं सांगितलं नव्हतं. सपाटीवर मोटार उत्तम चाले, आणि वऱ्हाडात सपाटीला तोटा नाही. पण सपाट रस्त्यानं जाणं म्हणजे नुसतं जाणं, आणि नुसतं जायला बैलही समर्थ आहेत, असं मोरोपंतांचं मत पडलं. मजा वळणांत असते. वळणं चिखलदऱ्याच्या घाटात होती. म्हणून घाटविहार मंडळ स्थापन झालं.

मंडळाचे अध्यक्ष मोरोपंत (मोटार त्यांची होती). उपाध्यक्ष त्यांच्या पत्नी चारुशीलाबाई (फराळाचा डबा त्यांचा होता). चिटणीस चिंतामण मास्तर (दगड त्यांचा होता).

दगडाबद्दल खुलासा करणं भाग आहे. चढावर, विशेषतः वळणाशी, मोटारीला दम लागे. दम लागला की ती थांबे, आणि थांबली की उताराकडं सरकू लागे. उताराच्या शेवटी दरी असे. अशा वेळी एका सभासदानं उडी टाकून चाकाला दगड लावणं हे मंडळाच्या कार्याचं मुख्य अंग होतं. चिंतामण मास्तर शाळेत मराठी शिकवत. त्यांचं वजन कमी होतं, उडी चांगली होती, आणि मोटारीत बसण्याची त्यांना इतकी हौस होती की कशासाठी बसायचं हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. रविवारी पहाटे त्यांच्या दारासमोर हॉर्न वाजे आणि अख्खी गल्ली खिडकीत येई, एवढं त्यांना पुरत असे. दगड त्यांनी स्वतः निवडला होता: काळा, खालून सपाट, दोरीचं कडं बांधलेला. त्यांच्या पत्नी सिंधूबाईंनी एकदा त्यावर मिरच्या वाटल्या, तेव्हा मास्तर त्यांच्याशी दोन दिवस बोलले नव्हते.

तिसऱ्या सहलीत एक शोध लागला. मोटारीची सगळ्यांत जास्त ताकद उलटं जाण्यात होती. पुढं तोंड करून जो चढ तिला चढवेना, तो ती पाठमोरी सहज चढे. तेव्हापासून घाटाच्या पायथ्याशी मोटार वळवून घ्यायची आणि वरपर्यंत उलटी न्यायची, असा प्रघात पडला. यामुळे मंडळाची फार सोय झाली. दरी, झाडी आणि खालचं सपाट वऱ्हाड हे सतत डोळ्यांसमोर राहू लागलं. रस्ता तेवढा पाठीमागं गेला. तो बघण्याचं काम अर्थातच चिंतामण मास्तरांकडं आलं. मागच्या सीटवर, पाण्याच्या दोन डब्यांच्या मधे, गुडघे टेकून आणि मागं तोंड करून ते "डावीकडं घ्या, पंत... आता सरळ..." असं सांगत राहत. चिटणिसानं मंडळाला दिशा दाखवायची असते. ती इतक्या शब्दशः दाखवणारा चिटणीस वऱ्हाडात दुसरा नव्हता.

पाच सहलींची सरासरी मंडळाच्या वहीत नोंदलेली आहे. वळणं अकरा. दगड लावणं चौदा वेळा. इंजिनात पाणी ओतणं चार वेळा. देखावा पाहून 'वाहवा' म्हणणं नऊ वेळा (पैकी मनापासून दोन). समोरून आलेल्या बैलगाड्या सहा.

या शेवटच्या आकड्यानं मंडळाला चिंतेत टाकलं. बैलगाडी आली की थांबावं लागे, थांबलं की मास्तरांना उडी टाकावी लागे, आणि शिवाय बैलांमुळे देखाव्याची शोभा जाई. मोरोपंतांनी ठराव मांडला, मास्तरांनी अनुमोदन दिलं, आणि मास्तरांनीच आपल्या वळणदार अक्षरात एक पाटी रंगवली: 'रविवारी सकाळी आठ ते बारा घाटात बैलगाड्यांस मनाई आहे.' ती घाटमाथ्यावरच्या एका झाडाला ठोकण्यात आली. मनाई कुणी केली, हे पाटीवर नव्हतं. पण रंगवलेल्या पाटीला असा प्रश्न विचारण्याची आपल्याकडं पद्धत नाही. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी ती निमूटपणे पाळली.

खुशालरावांना वाचता येत नव्हतं. परतवाड्याजवळ त्यांची थोडी काळी जमीन होती. उन्हाळ्यात ते कांदे आणि ज्वारी गाडीत भरून चिखलदऱ्याच्या बंगल्यांवर विकायला नेत. सोबत बायको वच्छलाबाई असे. सहाव्या सहलीच्या रविवारी माल संपला म्हणून दोघं सकाळीच घाट उतरू लागली. ज्याला घरी जायचं आहे त्याला रविवार कोणता आणि आठ वाजले की नाही हे कळत नाही, हा या वर्गाचा जुनाच दोष आहे.

सातव्या वळणाच्या अलीकडं चिंतामण मास्तरांना गाडी दिसली. मोटार आणि गाडी यांच्यामध्ये अजून अख्खं वळण होतं. 'गाडी' एवढा एक शब्द उच्चारला असता तर पंतांनी मोटार थांबवली असती. पण मोटार थांबली असती म्हणजे मास्तरांना दगड घेऊन उडी टाकावी लागली असती, आणि त्या सकाळी त्यांनी आधीच नऊ उड्या टाकल्या होत्या. गुडघे सोलले होते. शिवाय पाटी लावलेली होती. गाडीवानाचं काम होतं बाजूला होणं. मास्तर म्हणाले, "उजवीकडं घ्या, पंत."

पंतांनी उजवीकडं घेतलं आणि रिवाजाप्रमाणे हॉर्न वाजवला.

खुशालरावांच्या बैलांनी मोटार पूर्वी पाहिलेली होती. पण पाहिलं होतं ते तिचं तोंड. पाठमोरी, धूर सोडत, ओरडत वर येणारी मोटार ही त्यांच्या अनुभवाबाहेरची गोष्ट होती. ते बुजले आणि डोंगराच्या अंगाला वळले. गाडीचं एक चाक नालीत गेलं, वच्छलाबाई खाली फेकली गेली, आणि दुसरं चाक तिच्या उजव्या पायावरून, गुडघ्याच्या खालून, गेलं.

मोटार थांबली. मास्तरांनी उडी टाकली आणि प्रथम चाकाला दगड लावला. सवयीचं काम माणसाच्या हातून असं आपोआप होतं.

वच्छलाबाई आपल्या पायाकडं असं बघत होती, जणू तो कुणी दुसऱ्याचा तिथं आणून ठेवला होता. रक्त बरंच होतं आणि हाड दिसत होतं. मास्तरांनी गळ्यातलं उपरणं काढून खुशालरावांच्या हातात दिलं. त्यांनी ते जखमेवर घट्ट बांधलं. (वहीत याची नोंद 'मंडळाकडून तातडीची मदत' अशी आहे.) मग खुशालराव उठले आणि मोरोपंतांजवळ आले. त्यांनी हात जोडले नाहीत. ते सरळ म्हणाले, "साहेब, हिले मोटारीत घेऊन परतवाड्याच्या दवाखान्यात नेऊन सोडा. मी मांगून पायी येतो."

मोरोपंतांनी त्यांना शांतपणे समजावून सांगितलं की अपघाताबद्दल मंडळाला अतिशय वाईट वाटतं, परंतु सहल अजून पूर्ण झालेली नाही. वर चार वळणं बाकी आहेत. शिवाय इतक्या अरुंद रस्त्यावर मोटार वळवणं तज्ज्ञाच्या दृष्टीनं धोक्याचं आहे.

खुशालरावांनी मोटारीकडं नीट पाहिलं. "वळवाची कावून लागते?" ते म्हणाले. "मोटारीचं तोंड त खालीच हाये."

मोरोपंत वीस वर्षं वकिली करत होते, त्यामुळे उत्तर त्यांना सापडलं. ते म्हणाले, "तोंड खाली असलं तरी आम्ही वर चाललो आहोत."

हे ऐकताना चिंतामण मास्तरांच्या मनात एक विचार येऊन गेला. उतरताना दगड लागत नाही. दगड लागत नाही म्हणजे दगड लावणाराही लागत नाही, आणि तो उतरला तर मागच्या सीटवर एक बाई सहज आडवी होऊ शकते. विचार अगदी सरळ होता. पहिलीतल्या पोरालाही सुचला असता. तो तोंडावाटे बाहेर येईना, इतकंच. परतवाडा पायी फार लांब होतं, आणि जो सभासद आपण होऊन मोटारीतून उतरतो त्याला पुढच्या रविवारी हॉर्न वाजतोच असं नाही. मास्तरांनी वाकून दगड नीट बसला आहे का ते पाहिलं.

तेवढ्यात चारुशीलाबाई मोटारीतून उतरल्या.

"मी यांच्याबरोबर जाते," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "माझ्या जागेवर तुम्हाला दुसरं काही ठेवायचं असेल ते ठेवा."

वळणाच्या वर सडकेची डागडुजी करणारे चार कोरकू मजूर काम करत होते. बोलवायची वाट न बघता ते खाली आले. गाडीतल्या घोंगडीची झोळी करून त्यांनी तिच्यातून दांडा ओवला. घाटातून एक पाऊलवाट सरळ खाली उतरते; जे अंतर सडकेनं सहा मैल, ते तिच्यानं दीड मैल भरतं. या वाटेला वळणं नाहीत, त्यामुळे मंडळाला तिची माहिती नव्हती. खुशालरावांनी बैल सोडून झाडाला बांधले. झोळी उचलली गेली. चारुशीलाबाईंनी पदर खोचला, वच्छलाबाईचा पाय दोन्ही हातांनी सावरून धरला, आणि बघता बघता सगळी झाडीत दिसेनाशी झाली.

"स्वभाव भावनाप्रधान आहे," मोरोपंत म्हणाले. मग त्यांनी पुढच्या रिकाम्या सीटकडं हात केला. "या, मास्तर."

चिंतामण मास्तर पुढच्या सीटवर बसले. सहा सहलींत घाट चढताना प्रथमच त्यांचं तोंड देखाव्याकडं होतं. खाली सगळं वऱ्हाड पसरलं होतं, शेतांचे काळे चौकोन, मधे एखादं झाड. मास्तरांना आनंद झाला. तो होऊ नये असं त्यांना वाटत होतं, आणि तरी तो होत होता. "वाहवा," ते म्हणाले. ही त्या दिवसाची मनापासूनची पहिली नोंद.

उरलेली चार वळणं मोरोपंतांनी स्वतः मान वळवून पार केली. माथ्यावर चहा झाला. चारुशीलाबाईंचा डबा मोटारीतच राहिला होता. त्यातल्या पुऱ्या उत्तम होत्या. दरीच्या काठाशी मोटार उभी करून तिचा फोटो घेण्यात आला. उतरण तर अप्रतिम झाली. मोटार वळणावळणावर अशी लवत होती की दोघं शाळकरी पोरांसारखे हसले. सातव्या वळणाशी मात्र, रिकामी गाडी आणि बांधलेले बैल बघून, सहानुभूती म्हणून हॉर्न वाजवण्यात आला नाही.

पुढल्या बैठकीत तीन ठराव झाले. एक, झालेल्या प्रकाराबद्दल खेद. दोन, पाटीवरची अक्षरं मोठी करणं. तीन, उपाध्यक्षांनी मंडळाचा राजीनामा दिला असून त्यापुढं मोटारीत पाऊल ठेवलेलं नाही, सबब पुढची जागा चिटणिसांना कायम देणं. याच सुमारास अकोल्यास मंडळाची शाखा निघाली. अकोलेकरांजवळ मोटारी तीन होत्या, घाट मात्र नव्हता. तेव्हा त्यांनी निदान व्याख्यान तरी व्हावं असा आग्रह धरला. मास्तरांनी तिथं 'घाटातील सृष्टिसौंदर्य' या विषयावर सव्वा तास भाषण केलं. सातव्या वळणावरून दरी कशी दिसते, हे वर्णन चालू असताना सभागृहात दोनदा टाळ्या पडल्या.

महिन्याभरानं खुशालराव अमरावतीला आले आणि पत्ता विचारत शाळेत पोचले. त्यांनी उपरणं परत आणलं होतं, धुऊन, घडी घालून. डाग पूर्ण गेले नव्हते.

"तुमी फडकं देलं, मास्तर," ते म्हणाले. "ते ठेवून घेनं बरं नाई." मग जाता जाता थांबले. "एक पुसतो. तुमी त मोटारीत मांगंच पाहून राहिले होते. आमची गाडी तुमाले दिसली नाई काय?"

आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"धूळ फार होती," मास्तर म्हणाले.

खुशालरावांनी मान हलवली. धूळ असते, हे त्यांना पटलं. ते निघून गेले. मास्तर फाटकापर्यंत त्यांना पोचवायला गेले, पावसापाण्याचं बोलले, बैल कसे आहेत हेही त्यांनी विचारलं. आणखी एक प्रश्न विचारायचा राहिला, तो वर्गात आल्यावर त्यांच्या लक्षात आला. तोवर तास सुरू झाला होता.

वच्छलाबाईचा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. ती जगली. हे खरं म्हणजे झोळी झाडीत उतरली तिथंच सांगायला हवं होतं. पण तेवढ्यात मोटार वर निघाली, आणि आपण सगळेच तिच्याबरोबर निघालो. चहा झाला, फोटो झाला, उतरतीची मजा झाली, अकोल्याचं भाषणसुद्धा झालं. मधे एखाद्या वाचकानं 'थांबा, त्या बाईचं काय झालं?' असं हटकलं असतं, तर हकीगत तिथंच थांबवण्याची आमची तयारी होती. कुणी हटकलं नाही. मंडळाला नेमके असेच सभासद हवे असतात. आपली नावं यादीत घातलेली आहेत. वेगळा अर्ज करण्याची आवश्यकता नाही.